सोलापूरहून माईल्स जमवायचे तर: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

जानेवारी आला की माझी दरवर्षी ओढाताण होते. इकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. आणि नेमकं त्याच सुमारास तिकडे फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल, टॉवेल-चादरीच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं एक्स्पोर्टचं काम मी बघतो. त्यामुळे संमती कट्ट्यावर अक्षता पडत असतात तेव्हा मी बहुतेक वेळा परक्या गावात स्टॉलवर नमुन्यांच्या घड्या घालत असतो. या फेऱ्यांतूनच मला माईल्सचा, म्हणजे विमान कंपनी प्रवाशाच्या खात्यात जमा करते आणि ज्यांवर पुढे तिकीट काढता येतं त्या पॉइंटचा, नाद लागला. विमान कंपन्यांच्या योजना, त्यांचे नियम, कुठल्या तिकिटावर किती मिळतात, हे मी आता रात्री जेवण झाल्यावर वाचत बसतो. ऑफिसातली नवी पोरं विचारतात, ओळखीचे व्यापारी फोन करतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या आठ फेऱ्यांत मी कुठल्याही तिकिटावर मेंबरशिप नंबर टाकलाच नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट एका बाजूने सुमारे चार हजार मैल. जाऊन-येऊन आठ हजार, आठ फेऱ्यांचे चौसष्ट हजार मैल हवेत गेले. नंबर टाकायला एक मिनिट लागतं आणि नोंदणीला एक पैसाही पडत नाही. म्हणून हे वाचून संपवण्याआधी खातं उघडलंत तरी चालेल.

पहिली पायरी: दोन वेगळे हिशेब समजून घ्या

ही पद्धत आज आहे त्या रूपात अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली. तेव्हा हिशेब सरळ होता, जेवढे मैल उडाल तेवढे माईल्स. आता बऱ्याच कंपन्या अंतरावर नाही, तिकिटाच्या पैशांवर पॉइंट देतात. एअर इंडियानेही २०२४ पासून स्वतःच्या विमानांसाठी तोच मार्ग धरला.

नवखा माणूस अडखळतो तो इथे. तुमच्या खात्यात दोन आकडे असतात. एक खर्चायच्या पॉइंटचा. ही कणगीतली ज्वारी समजा; काढाल तशी कमी होणार आणि फार दिवस ठेवली तर किडणार. दुसरा आकडा स्टेटसचा, म्हणजे टियरचा. तो शाळेच्या हजेरीसारखा आहे. वर्षभरात किती उडालात ते मोजतात, त्यावरून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ठरतं आणि नवं वर्ष लागलं की मोजणी परत शून्यापासून. तिकिटासाठी पॉइंट खर्च केले म्हणून तुमचं गोल्ड जात नाही, आणि क्रेडिट कार्डावरून ढीगभर पॉइंट आणले म्हणून बहुतेक योजनांत गोल्ड मिळतही नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

दुसरी पायरी: जमवण्याआधी खर्च ठरवा

मला जर एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर हीच सांगेन. कुठे जायचं, कुणाला न्यायचं, कधी, हे आधी वहीत लिहा. 'पडून राहू देत, कधीतरी कामाला येतील' असं म्हणून जमवलेले पॉइंट कामाला येत नाहीत. त्यांची मुदत संपते, किंवा कुठलं तिकीट किती पॉइंटला याचा तक्ता कंपनी एका रात्रीत बदलते आणि काल वीस हजार पॉइंटमध्ये मिळणारं तिकीट आज तीस हजार पॉइंटचं होतं. कंपनीच बंद पडली तर बोलायलाच नको. किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, जेटची १७ एप्रिल २०१९ ला. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, माईल्सला नसतो.

माझ्या वहीत पहिली ओळ होती: 'आई, काशी.' आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती आणि विमानात कधी बसली नव्हती. दोन तिकिटं, मुंबई ते वाराणसी, जाऊन-येऊन. ती ओळ लिहिली म्हणून कोणती योजना, किती पॉइंट, किती महिने, या सगळ्याला उत्तर मिळालं.

तिसरी पायरी: आपला विमानतळ कोणता

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो. होटगी रोडच्या विमानतळासाठी सोलापूरने किती वाट बघितली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्या दिवशी अर्धं शहर गच्चीवर होतं. शेवटी ९ जून २०२५ ला फ्लाय९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टार एअरचं मुंबईचं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण माईल्सच्या हिशेबात एक गोष्ट स्पष्ट ठेवा: स्टार एअर ही कंपनी आणि स्टार अलायन्स, म्हणजे लुफ्तान्सासारख्या अनेक विमान कंपन्यांची जागतिक आघाडी, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नावामुळे फसलेली दोन माणसं माझ्याच ओळखीत आहेत. 'स्टार'ने मुंबई गाठली म्हणजे लुफ्तान्साच्या खात्यात माईल्स पडतील असं त्यांना वाटलं होतं. फ्लाय९१ आणि स्टार एअर, दोन्ही कुठल्याच जागतिक आघाडीत नाहीत.

दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची. सोलापूर–मुंबई एक तिकीट आणि मुंबई–फ्रँकफर्ट दुसरं, असे दोन वेगळे पीएनआर असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढच्या कंपनीची कसलीही जबाबदारी राहत नाही. तुमचं गोल्ड कार्डही तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून परदेशी विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचा, किंवा सरळ रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा. मी अजूनही सिद्धेश्वरच पकडतो. सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसा खरेदीदारांच्या एजंटांना भेटायचं, रात्री विमान.

ज्यांचे नातेवाईक हैदराबादेत आहेत, आणि आपल्या पूर्व भागात असं घर विरळाच जिथे ते नाहीत, त्यांनी तिथल्या शमशाबाद विमानतळाचा विचार जरूर करावा. तीनशेच्या आसपास किलोमीटर आणि रस्ता चांगला. लुफ्तान्साचं फ्रँकफर्टचं विमान २०२४ पासून तिथूनही निघतं. पुण्याचं लोहगाव आपल्याला जवळ आहे, पण परदेशी उड्डाणं तिथून मोजकीच.

चौथी पायरी: एक घराणं धरा

तीन मोठ्या आघाड्या आहेत. स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया (११ जुलै २०१४ पासून), लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, टर्किश. वनवर्ल्डमध्ये ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा. एमिरेट्स आणि इंडिगो यांच्या बाहेर आहेत. त्यांच्या स्वतःच्या योजना आहेत, इंडिगोची 'ब्लूचिप' २०२४ मध्ये आली.

आघाडीचा फायदा असा की विमान एका कंपनीचं आणि माईल्स दुसरीच्या खात्यात, असं करता येतं. मी लुफ्तान्साने उडतो आणि नंबर एअर इंडियाचा देतो. त्यांच्या 'फ्लाइंग रिटर्न्स'चं नाव २०२५ पासून 'महाराजा क्लब' झालंय. कारण माझ्या वर्षभराच्या देशातल्या फेऱ्या एअर इंडियाच्याच, मग सगळा माल एकाच गोदामात पडतो. एका उड्डाणाचे माईल्स एकाच खात्यात जातात, दोन्हीकडे नाही.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. मुलगा अमेरिकेत असेल आणि दोन-तीन वर्षांनी एकदाच जाणं होत असेल, तर मुदत न संपणारी योजना धरा. युनायटेडचे आणि डेल्टाचे माईल्स संपत नाहीत. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे तीन वर्षांत संपतात, मग तुम्ही मध्ये उडा की नका उडू. घरातली चार माणसं एकत्र जाणार असतील तर सगळ्यांचे माईल्स एका जागी जमा होतात का ते बघा. एमिरेट्सच्या 'माय फॅमिली'त तशी सोय आहे. चार खात्यांत दोन-दोन हजार पडून राहिले तर एकाचंही तिकीट निघत नाही.

पाचवी पायरी: नाव

दिसायला क्षुल्लक, पण सगळ्यात जास्त माईल्स इथेच बुडतात. आपल्याकडे नाव तीन घरांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं मिळून 'गिव्हन नेम' असतं. तिकीट एजंट कधी मधलं नाव गाळतो, कधी तिन्ही सलग जोडून टाकतो. खात्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही की यंत्र ते उड्डाण तुमचं मानतच नाही.

माझ्या बायकोचं खातं तिच्या जुन्या पासपोर्टवर, माहेरच्या नावाने उघडलं होतं. नवा पासपोर्ट सासरच्या नावाने आला. एका परदेशी प्रवासाचे माईल्स तिच्या खात्यात आले नाहीत, म्हणून त्या कंपनीला मी ईमेल केली. लग्नाचा दाखला, दोन्ही पासपोर्टच्या प्रती, सगळं पाठवलं. पाच वेळा तेच तेच उत्तर आलं, 'नाव जुळत नाही', आणि सहाव्यांदा कळलं की दाव्याची मुदत संपली. अजून आठवलं की जीव तळमळतो. तेव्हा पासपोर्ट समोर ठेवून, त्यावर अक्षर न अक्षर जसं आहे तसंच खातं उघडा. पासपोर्ट बदलला की प्रवासाआधी खात्यातलं नाव बदलून घ्या. एजंटला फोनवर सांगू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा.

सहावी पायरी: तिकिटावरचं एक अक्षर

ई-तिकीट उघडा. उड्डाणाच्या ओळीत कुठेतरी 'क्लास' असं लिहून पुढे एक इंग्रजी अक्षर असतं: वाय, एम, के, टी, एल, काहीही. सगळे बसतात इकॉनॉमीतच, पण अक्षरागणिक भाव वेगळा. भागीदार कंपनीच्या उड्डाणावर एका अक्षराला अंतराच्या शंभर टक्के माईल्स मिळतात, दुसऱ्याला पन्नास, तिसऱ्याला पंचवीस आणि अगदी स्वस्त अक्षराला शून्य. हा तक्ता ज्या योजनेत माईल्स टाकणार आहात तिच्या साइटवर असतो. समजा दोन तिकिटांत पंधराशे रुपयांचा फरक आहे आणि महागाच्या अक्षरावर तीन हजार माईल्स जास्त पडतात. तर ते तीन हजार माईल्स तुम्ही प्रत्येकी पन्नास पैशांनी विकत घेतले. परवडतात का, हे आठव्या पायरीचं गणित करून ठरवा.

सातवी पायरी: बोर्डिंग पास फेकू नका

माईल्स खात्यात पडायला काही दिवस लागतात. न पडल्यास दावा करता येतो, त्याला साधारण काही महिन्यांची मुदत असते. दाव्याला दोन गोष्टी लागतात: बोर्डिंग पास आणि तेरा आकडी तिकीट नंबर. पीएनआर वेगळा, तिकीट नंबर वेगळा. तिकीट नंबरचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो, लुफ्तान्साचा २२० ने.

माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी आहे, कारखान्यात सुताच्या गाठींसाठी वापरतात तसली. एका पानावर एक प्रवास. डावीकडे पास चिकटवलेला, उजवीकडे तारीख, क्लासचं अक्षर, किती माईल्स यायला हवेत आणि प्रत्यक्ष किती आले. आले की हिरवी टिक. मोबाइलवरचा पास असेल तर स्क्रीनशॉट काढून छापून घेतो, कारण उड्डाण झालं की ॲपमधून तो बरेचदा नाहीसा होतो. गेल्या चार वर्षांत न आलेले माईल्स या वहीमुळे मी पाच वेळा वसूल केले.

आठवी पायरी: एका पॉइंटची किंमत काढा

तिकिटाचं रोख भाडं घ्या. पॉइंटने काढतानाही जो कर रोख भरावा लागतो तो वजा करा. उरलेल्या रकमेला पॉइंटने भागा. समजा भाडं ७,५०० रुपये आहे आणि पॉइंटने काढलं तर ९,००० पॉइंट अधिक १,२०० रुपये कर. तर ६,३०० भागिले ९,०००, म्हणजे सत्तर पैसे. दिवाळीच्या आठवड्यात तेच तिकीट १४,००० ला असेल आणि पॉइंट तेवढेच लागत असतील, तर किंमत एक रुपया बेचाळीस पैसे. भाडं चढलेलं असताना पॉइंट वापरा, उतरलेलं असताना रोख भरा. एवढंच सूत्र मी पाळतो. टोस्टर, सुटकेस, गिफ्ट व्हाउचर यांवर पॉइंट घालवू नका. गणित करून बघा, पैशांच्या भावात ते फार खाली येतं. काही युरोपीय कंपन्या पॉइंटच्या तिकिटावरही इंधन अधिभाराच्या नावाने मोठी रोख रक्कम घेतात, ती गणितात धरायला विसरू नका.

क्रेडिट कार्डाबद्दल, सावधपणे

उडण्यापेक्षा कार्डावरून जास्त पॉइंट मिळतात हे खरं आहे. काही बँकांच्या कार्डांचे पॉइंट विमान कंपन्यांच्या योजनेत वळवता येतात आणि एका कंपनीला बांधलेल्या कार्डापेक्षा असं कार्ड बरं, कारण शेवटपर्यंत निवड तुमच्या हातात राहते. मात्र एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. हवी ती सीट दिसल्यावरच वळवा.

पण बिल पूर्ण भरता येत नसेल तर या वाटेला जाऊच नका. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी. लाखाची थकबाकी एक महिना राहिली तर चार हजारांच्या वर गेले. त्या लाखावर मिळालेले पॉइंट याच्या निम्म्याचेही नसतात. परदेशात कार्ड वापरलं की अनेक कार्डांना साडेतीन टक्के आणि त्यावर कर वेगळा. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं यावर बऱ्याच बँका पॉइंट देत नाहीत.

नवी पेठेतला माझा एक मित्र दुकानदारांची खरेदी आपल्या कार्डावर करून द्यायचा आणि त्यांच्याकडून रोख घ्यायचा, पॉइंटसाठी. मी त्याला थांबवलं. वर्षाला दहा लाख किंवा जास्त कार्डबिल भरलं की बँक ते आयकर खात्याला कळवते. रोखीत भरलं तर ही मर्यादा एक लाखच. दाखवलेलं उत्पन्न सहा लाख आणि कार्डबिल चौदा लाख, याचं उत्तर पॉइंट देणार नाहीत.

आणखी एक. तिकीट कंपनीच्या पैशाने असेल तर माईल्स साधारणपणे प्रवाशाच्या नावावर पडतात. तरी मालकांना एकदा विचारा. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "उडून पाठ तुझी दुखते, घे तूच." त्या दिवसापासून मनावर ओझं नाही.

स्टेटस: कुणाला हवं, कुणाला नको

लाउंजमधल्या खाण्यासाठी गोल्डच्या मागे लागू नका. आमच्या धंद्यात खरा लाभ सामानाचा आहे. टॉवेलचे नमुने जड असतात. बाथरोब घातले की बॅग लगेच काट्यावर बोलते. स्टार अलायन्स गोल्डला वजनाचा हिशेब असेल तिथे वीस किलो जादा आणि नगाचा हिशेब असेल तिथे एक नग जादा मिळतो. अगदी स्वस्त, बॅग नसलेल्या तिकिटावर तो लागू होतो का, हे आधी वाचून घ्या. पहिल्यांदा ती जादा बॅग पैसे न भरता पट्ट्यावर गेली तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीला दोनदा विचारलं, "नक्की ना?"

वर्षाला दोन-तीनच विमानप्रवास असतील तर मात्र स्टेटस विसरा, फक्त पॉइंट जमवा. स्टेटस टिकवण्यासाठी उगाच उडणं, ज्याला माईल रन म्हणतात, ते मी एका डिसेंबरात केलं. थोडे पॉइंट कमी पडत होते म्हणून पहाटेच्या गाडीने पुणे, पुण्याहून दिल्ली, दिल्ली विमानतळावर तीन तास, त्याच दिवशी परत. तिकीट, गाडी, टॅक्सी धरून चौदा हजार गेले. त्या रात्री घरी शेतावरची हुरडा पार्टी होती, दोन्ही बहिणी आल्या होत्या, आणि मी पोहोचलो तेव्हा आगटी विझलेली होती. पुढच्या वर्षी ते स्टेटस दोन प्रवासांत वापरलं. असं परत केलं नाही.

नाद कुठवर जातो याचं एक खरं उदाहरण. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरच्या लक्षात आलं की पुडिंगच्या डब्यावरच्या लेबलांवर माईल्स मिळतायत आणि त्यांची किंमत डब्यापेक्षा जास्त आहे. त्याने ३,१४० डॉलर देऊन १२,१५० डबे घेतले. लेबलं सोलायला धर्मादाय संस्थेचे लोक आले, बदल्यात पुडिंग त्यांना दिलं. बारा लाखांहून जास्त माईल्स मिळाले. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, कारण त्याने खरेदीआधी गणित केलं होतं.

शेवटची पायरी: सीट शोधणं

पॉइंटच्या सीटा प्रत्येक विमानात थोड्याच असतात. तारीख पुढे-मागे करायची तयारी ठेवा, मंगळवार-बुधवार बघा, सकाळी न दिसलेली सीट रात्री परत बघा. रद्द करण्याचं शुल्क वाचून ठेवा. 'तुमचे पॉइंट आज रात्री संपतायत, लिंक उघडा' असा मेसेज आला तर लिंकला हात लावू नका. मुदत खात्यात जाऊनच तपासा.

आईची तिकिटं मला पाच आठवडे शोधून मिळाली, देवदिवाळीच्या अलीकडच्या बुधवारची. करापोटी रोख भरले तेवढेच. खिडकीची सीट घेतली होती. विमान वर चढलं तसं तिने माझं मनगट धरलं आणि ढग आल्यावर सोडलं. वाराणसीला उतरल्यावर पर्समधून तिने बोर्डिंग पास काढला, नीट दुमडला आणि माझ्या हातात दिला. "ठेव, तुला लागतो ना वहीत चिकटवायला." पॉइंटच्या तिकिटावर माईल्स मिळत नाहीत, दावा करायचा प्रश्नच नव्हता. तरी तो चिकटवला आहे. उजवीकडे फक्त तारीख लिहिलीय आणि हिरवी टिक केलीय.